बावन्न ओळी

आमच्या प्रयोगशाळेत तिला कोणी नावाने हाक मारत नाही. सगळे म्हणतात पुन्हाताई. तोंडावरसुद्धा. मोजून झालं की ती म्हणणार, "पुन्हा." वाचून झालं की, "पुन्हा." एकदा मॅडमनी वैतागून विचारलं, "अहो, दोनदा मोजलंत ना?" तर ही म्हणते, "हो, दोन्ही वेळा अगदी सारखंच आलं. म्हणूनच शंका आली." आता अशा बाईपुढे माणसाने हात टेकायचे नाहीत तर काय करायचं? मी चौदा वर्षं टेकतेय.

मला सगळे रेडिओ म्हणतात. सकाळी पांढरा कोट चढवल्यापासून संध्याकाळी तो खुंटीला अडकवेपर्यंत माझं तोंड बंद नसतं. शेजारणीचं भांडण, नळाचं पाणी, नणंदेचा नवा सोफासेट, जे सापडेल ते. ताई ऐकते की नाही देव जाणे, पण मधूनमधून "हं" म्हणते. तेवढं मला पुरतं.

ती एकोणिसाव्या वर्षी इथे आली ती काचेच्या बाटल्या धुवायला. तळघरातल्या त्या ओलसट खोलीत तिने पाच वर्षं काढली. सात वेळा साधं पाणी, तीन वेळा शुद्ध पाणी, असा नियम भिंतीवर लावलेला होता. तो नियम पाळणारी बाई भिंतीला पहिल्यांदाच दिसली असणार. वरच्या मजल्यावरच्या एका म्हाताऱ्या सरांच्या लक्षात आलं की इतरांनी धुतलेल्या बाटल्यांत आपल्या पेशी मरतात आणि हिने धुतलेल्या बाटल्यांत मजेत वाढतात. त्यांनी तिला वर बोलावलं, सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं आणि म्हणाले, "काय दिसतं ते सांग. काय दिसायला हवं ते सांगू नकोस." मग तिने घर सांभाळून, टपालाने अभ्यास मागवून, सहा वर्षांत पदवी काढली. आज कुठल्या रुग्णाच्या पेशी इथून बाहेर जातील आणि कुठल्या नाही, यावर शेवटची सही तिची असते.

लोक मला खोदून विचारतात, ही एवढी काटेकोर का? लहानपणी काही घडलं होतं का? कोणी दगावलं होतं का? मीही विचारून पाहिलंय. काहीसुद्धा घडलेलं नाही. स्वभाव आहे झालं! तिचे यजमान बस डेपोत वायरमन आहेत, ते म्हणतात, "आमच्याकडे मीठसुद्धा दोनदा चाखून मग ताटात येतं. पहिल्यांदा ती चाखते, आणि दुसऱ्यांदाही तीच."

आता आमचं काम. घाबरू नका, सोपं करून सांगते. माणसाच्या प्रत्येक पेशीत एक लांबच लांब मजकूर असतो आणि तो चारच अक्षरांत लिहिलेला असतो: ए, टी, जी, सी. कोट्यवधी अक्षरांत एखादं चुकलं तर बहुतेक वेळा काही बिघडत नाही. पण नेमकं नको तिथलं चुकलं तर आयुष्याचं मातेरं होतं. पूर्वीचं हत्यार कात्रीसारखं होतं. मजकूर आरपार कापायचा आणि तो नीट जुळून येईल अशी आशा धरायची. आमच्याकडचं नवं हत्यार तसं कापत नाही. ते नेमक्या जागी जाऊन बसतं आणि एका अक्षराचं दुसरं अक्षर करून येतं. 'ए'चा 'जी' करतं, बस्स. 'जी'चा 'ए' कर म्हटलं तर ते त्याला जमत नाही. त्याला एकच काम येतं, आणि म्हणूनच आम्ही त्याच्यावर विसंबतो.

ती मुलगी नऊ वर्षांची होती. आईकडून आणि बाबांकडून मिळालेल्या तिच्या दोन्ही प्रतींत एकाच जागी 'जी' असायला हवा तिथे 'ए' पडला होता. तेवढ्यावरून तिच्या अंगात धड रक्त तयार होत नव्हतं. आठ महिन्यांची असल्यापासून दर तीन आठवड्यांनी तिला दुसऱ्याचं रक्त चढवत होते. उपाय असा ठरला होता: रक्त तयार करणाऱ्या तिच्याच मूळ पेशी बाहेर काढायच्या, आम्ही ते अक्षर दुरुस्त करायचं, पेशी गोठवून ठेवायच्या, तपासायच्या, आणि मग परत तिच्या अंगात सोडायच्या. पण सोडण्याआधी रुग्णालयात एक जालीम औषध देऊन तिच्या हाडांतली जुनी मज्जा पार रिकामी करावी लागते. ते औषध एकदा सुरू झालं की परतीचा रस्ता नाही. आम्ही दिलेल्या पेशी चालल्या तर पोर तरली. नाही चालल्या तर तिच्याकडे स्वतःचं म्हणून काहीच उरत नाही.

म्हणून नियम होता. तपासणीत शंभरातल्या निदान ऐंशी प्रती दुरुस्त निघायला हव्यात, आणि ताईची सही झाल्याशिवाय औषधाला हात लावायचा नाही.

गुरुवारी दुपारी मशीनचा आकडा आला. शंभरात चौऱ्याऐंशी!

मी टाळ्या वाजवल्या. मॅडम आमच्या प्रमुख, एरवी हसायला पैसे पडतात अशा चेहऱ्याने फिरणाऱ्या, त्यासुद्धा खोलीतून बाहेर येऊन हसल्या. सोमवारी सकाळी औषध सुरू होणार होतं, खाट राखून ठेवलेली होती. मला कुठला दम निघतोय! मी वॉर्डातल्या ओळखीच्या सिस्टरना फोन करून टाकला. "कळवा हो पोरीच्या आईला. चौऱ्याऐंशी आलेत." सही व्हायची होती हे मला माहीत होतं. पण चौऱ्याऐंशीवर कोण सही करत नाही?

ताई पडद्यासमोर बसली होती. मशीन प्रत्येक प्रत वाचून एक एक ओळ दाखवतं, एकाखाली एक, हजारो. बाकीचे सगळे खालचा आकडा बघून उठतात. ही ओळी वाचत बसते. दीड तास झाला तरी उठेना.

"झालं का गं?" मी विचारलं.

"इथे बघ. रोगाच्या जागेपासून सतरा अक्षरं पुढे. 'ए' आहे."

"त्यापुढे मशीनने लिहिलंय की, निरुपद्रवी. कितीतरी धडधाकट माणसांत असतो तो 'ए'."

"त्यांच्यात असेल. या पोरीत नाही." तिने मुलीचं आणि तिच्या आईबाबांचं जुनं वाचन शेजारी उघडून ठेवलं होतं. तिघांच्याही त्या जागी 'जी' होता.

"मग आपल्या हत्याराने चुकून बदलला असेल."

ताईने माझ्याकडे नुसतं पाहिलं. "आपल्या हत्याराला 'जी'चा 'ए' करता येतो?"

मी गप्प. माझ्यासाठी ही मोठीच गोष्ट.

"अजून एक," ती म्हणाली. "शंभर ओळी धर. त्यातल्या बावन्न ओळींत हा उपरा 'ए' आहे. आणि त्या बावन्नच्या बावन्न ओळींत रोगाच्या जागचं अक्षर बरोबर आहे. एकही चुकीची नाही."

"मग चांगलंच आहे की गं!"

"ज्या माणसाला हा रोगच नाही, त्याच्या ओळी अशाच दिसतील."

मला तेव्हा ते कळलं नाही असं म्हणणं खोटं होईल. कळलं, पण कळून घ्यायचं नव्हतं. तपासणीच्या नळीत कुणा निरोगी माणसाचा अंश पडला असेल, तर त्या बावन्न ओळी पोरीच्या नव्हत्याच. त्या वगळल्या तर उरल्या अठ्ठेचाळीस, आणि त्यांतल्या बरोबर फक्त बत्तीस. म्हणजे तीनातल्या दोन. ऐंशीची रेघ कुठच्या कुठे राहिली.

मॅडमच्या खोलीत मी दाराशी उभी होते, ऐकायला. मॅडम म्हणाल्या, "मशीनने पास केलंय. ही खाट गेली तर दुसरी कधी मिळेल सांगता येत नाही. तुम्हाला खात्री आहे का?"

"नाही. म्हणूनच सही करत नाही."

"मग मी करते."

"करा. पण मी का केली नाही ते त्याच कागदावर वर लिहिते, त्याच्याखाली तुम्ही करा."

मॅडमनी पेन उचललं, टोपण काढलं, पुन्हा लावलं. बाई वाईट नाहीत. फक्त त्यांच्या टेबलावर दिवसभर फोन वाजत असतो.

बाहेर आल्यावर मी ताईला धरलंच. डोक्यात राख घालून घेतली होती मी. "एका 'ए'साठी? एका अक्षरासाठी तू त्या पोरीला लटकवणार? तिच्या आईने नोकरी सोडलीय, माहीत आहे? तुला काय, तू घरी जाशील, मीठ चाखशील!" अजूनही बरंच बोलले. ते इथे लिहिण्यासारखं नाही. ती शांतपणे हात धूत होती. म्हणाली, "तिचा रोगसुद्धा एकाच अक्षराचा आहे."

शुक्रवारी सकाळी तिने आम्हा सगळ्यांना ओळीत उभं केलं. तपासणीची नळी उघडली त्या दिवशी त्या खोलीत पाऊल टाकलेली नऊ माणसं, मॅडमपासून फरशी पुसणाऱ्या काकांपर्यंत. प्रत्येकाला समजावून सांगितलं, परवानगी विचारली, गालाच्या आतून कापसाची काडी फिरवली. नावं लिहायची नाहीत, असं तिनेच ठरवलं. डब्यातून ज्याने त्याने आपली चिठ्ठी उचलायची, तिच्यावरचा नंबर नळीवर घालायचा आणि चिठ्ठी खिशात ठेवायची. "मला माणूस नको, कारण हवंय," ती म्हणाली. मी काडी चघळत म्हटलं, "ताई, मला साखर लावून दिली असतीस तर!" काका तेवढे हसले.

पोरीच्या पेशी मुळातच थोड्या निघाल्या होत्या. तपासायला बाजूला काढलेला वाटा एवढासा, डोळ्यांना दिसणारही नाही इतका. तसाच एक वाटा राखीव होता. तोही ताईने शुक्रवारीच वाचायला लावला. या वेळी एकटीने, काचेच्या पेटीत हात घालून. आम्हाला कुणाला आत येऊ दिलं नाही.

शनिवारी चार वाजता काड्यांची वाचनं आली. ताईने सगळ्यांना एकच निरोप पाठवला: "सहा नंबरच्या माणसाच्या दोन्ही प्रतींत तो 'ए' आहे. ज्याची चिठ्ठी असेल त्याने मला सांगावं, म्हणजे काय झालं ते कळेल. सक्ती नाही."

चिठ्ठी माझ्या पर्समध्ये होती. घरी स्वयंपाकघरात उभी राहून मी ती उघडली. खरं तर उघडायची गरज नव्हती. नळीवर सहाचा आकडा मीच घातला होता. पहिला विचार काय आला सांगू? लाज वाटते, पण सांगते. चूल पेटलेली होती. चिठ्ठी एवढीशी होती. कुणाला कळणार होतं?

अर्ध्या तासाने मी ताईच्या दारात होते.

भाऊजींनी दार उघडलं. "या, या. आज रेडिओ बंद कसा?" मी काही बोलले नाही तेव्हा ते बाजूला झाले आणि मुकाट्याने आतल्या खोलीत गेले. ताई जेवणाच्या टेबलाशी वाटाणे सोलत होती, शेजारी ओळींचे कागद. मी चिठ्ठी तिच्यापुढे ठेवली. तिने ती पाहिली, मग मला पाहिलं. मला वाटलं आता फाडून खाईल. गुरुवारचं सगळं व्याजासकट परत मिळेल.

"बस," ती म्हणाली. "त्या दिवशीचं पहिल्यापासून सांग. गाळू नकोस काही."

मी सांगितलं. आमच्याकडे दोघींनी काम करायची पद्धत आहे. एकीने करायचं, दुसरीने पाहायचं, आणि प्रत्येक पायरीला कागदावर सही करायची: मी पाहिलं. त्या दिवशी आमच्याकडची एक मुलगी करत होती आणि पाहणारी मी होते. पेशींचं काम चालू होतं तोवर मी शहाण्यासारखी वागले. पोरीच्या अंगात जायचं त्याचे लाड आम्ही जावयासारखे करतो: काचेची पेटी, दोन हातमोजे, सगळं. पण तपासणीचा वाटा मशीनमध्ये जाणार, तो घरचाच. तो आम्ही बाहेर, साध्या टेबलावर उघडतो. तिथे माझ्या चष्म्यावर वाफ धरली म्हणून मी मास्क हनुवटीखाली ओढला आणि नळीवरचा नंबर वाचला. आणि नणंदेच्या सोफ्याची गोष्ट काढली. तो जिन्यात अडकला होता, चार माणसं वर आणि दोन खाली. सांगता सांगता मला हसू आवरेना. नळी माझ्यासमोर उघडी होती.

"आणि सही?" ताईने विचारलं.

"सही मी सकाळीच करून टाकली होती. सहाच्या सहा रकान्यांत. चहाला उशीर होतो म्हणून."

ती वाटाणे सोलायची थांबली. पहिल्यांदाच मला तिच्या चेहऱ्यावर राग दिसला. आरडाओरडा नाही, काही नाही. नाकपुड्या तेवढ्या फुगल्या. "तू पाहिलंस असं लिहिलंस," ती म्हणाली, "म्हणून मी पाहिलं नाही." एवढंच. मी तिथेच टेबलावर डोकं ठेवून ढसाढसा रडले. भाऊजींनी आतून पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि परत गेले.

रविवारी दुपारी राखीव वाट्याचं वाचन आलं. उपरा 'ए' कुठेच नाही. दुरुस्त झालेल्या प्रती शंभरात सहासष्ट.

मॅडमनी कागद हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि ताईला म्हणाल्या, "मी गुरुवारी सही केली असती." ताई म्हणाली, "पण केली नाहीत ना." मग मॅडमनी डॉक्टरांना फोन लावला, आणि आईला उद्या समक्ष सांगायचं असं ठरलं. तो निरोप दुसऱ्या कुणाच्या तोंडून जाणार नाही, असं मीच म्हटलं. ताई म्हणाली, "मीही येते."

सोमवारी सकाळी रुग्णालयाच्या बाकावर मायलेकी बसल्या होत्या. पायाशी भरलेली बॅग, वर मुलीची उशी, फुलाफुलांच्या अभ्र्याची. आणि मुलीचे केस बारीक कापलेले, मुलासारखे. औषधाने केस झडतात, म्हणून आईने शनिवारीच कापून आणले होते. तेही कौतुकाने, पार्लरमध्ये नेऊन. चौऱ्याऐंशी आले असं तिला कळलं होतं ना! कुणी कळवलं होतं ते मला ठाऊक होतं. मी चार पावलांवरच थांबले.

ताईने माझ्या कोपराला हात लावला. ढकललं नाही, नुसता लावला.

मी सांगितलं. माझी चूक म्हणून सांगितलं, आडवळण न घेता. तिच्या पेशींत माझं काही गेलेलं नाही, फक्त तपासणीच्या नळीत गेलं, हेही सांगितलं. पण खरा आकडा कमी आहे, आणि तेवढ्यावर औषध सुरू केलं तर पोर मधल्यामध्ये अडकेल. आई ऐकत होती. मुलगी माझ्या तोंडाकडे बघत होती.

"म्हणजे पुन्हा ती नळी?" मुलीने आईला विचारलं. पेशी काढायच्या तर मानेत नळी घालून तासन्‌तास मशीनला जोडून पडावं लागतं. तिने ते दोन दिवस सोसलं होतं.

आईने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. ते आखूड केस हाताला लागले असतील. मग ती माझ्यावर कडाडली. सगळा बाक वळून बघायला लागला. "तुमच्या हसण्यापायी? माझी पोर पुन्हा नळी घेणार, पुन्हा सुया टोचून घेणार, तुमच्या हसण्यापायी?" पेशी माझ्या हसण्याने कमी पडल्या नव्हत्या, खोटी आशा तेवढी माझी होती; पण तो हिशेब मी मांडला नाही. मी मान खाली घालून उभी राहिले. बोलू दे. तिचा हक्क होता.

शेवटी दम लागून ती थांबली. ताईकडे वळली. "तुम्ही अडवलंत?"

"हो."

"अडवलं नसतंत तर?"

ताईने गोड करून सांगितलं नाही. "तर आज औषध सुरू झालं असतं. आणि पेशी कमी पडल्या असत्या. पुढे काय झालं असतं ते मी सांगू शकत नाही."

आईने पायाजवळची बॅग जवळ ओढली. मग म्हणाली, "किती दिवस?"

"अकरा आठवडे. तिची तब्येत पुन्हा पेशी काढण्याजोगी व्हायला हवी."

"ठीक आहे. करायचंय. माघार घ्यायला मी इथवर आलेली नाही." तिने माझ्याकडे बोट केलं. "पण पुढच्या वेळचा आकडा मला डॉक्टरांनी सांगायचा नाही, सिस्टरनी नाही. या बाईंनी सांगायचा. स्वतः बघून. कमी आला तरी यांनीच सांगायचा." आणि एका हातात बॅग, दुसऱ्या हातात उशी घेऊन ती निघाली. मुलगी मागे वळून माझ्याकडे बघत गेली.

मॅडमना मला त्या खोलीतून काढायचं होतं, आणि मी स्वतःच सामान आवरायला लागले होते. ताई आडवी आली. मॅडमना म्हणाली, "हिला काढलंत तर पुढच्या वेळी सहा नंबरवाला चिठ्ठी गिळून टाकेल. मग मी कारण कुठून शोधू?" मॅडमनी मला राहू दिलं. तपासणीचा वाटासुद्धा तेव्हापासून काचेच्या पेटीतच उघडतो आम्ही. भिंतीवर लावलेल्या कागदावर तेवढी एक ओळ वाढली.

ते अकरा आठवडे मी कसे काढले ते माझं मला माहीत. घरी नणंद म्हणाली, "वहिनी, तब्येत बरी नाही का?" पहिल्यांदा पेशी आल्या तेव्हा त्या मला पेशी होत्या. दुसऱ्यांदा आल्या तेव्हा ती पिशवी ताईच्या हातात बघून मला मानेतली नळी दिसली. हत्यार आत सोडण्याच्या वेळी पाहणारी मीच होते. सहा रकाने. पायरी झाली की सही, पायरी झाली की सही. मधे एकदा करणाऱ्या मुलीने घाईने नळी बाजूला ठेवली, तेव्हा मी म्हटलं, "थांब, मला नंबर दिसला नाही. पुन्हा दाखव." ती जरा फुरंगटली. फुरंगटू दे.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते आमचं काम नव्हे, डॉक्टरांचं. औषध झालं, पेशी सोडल्या, सतरा दिवस पांढऱ्या पेशींचा आकडा जवळपास शून्यावर होता आणि आम्ही सगळे जीव मुठीत धरून होतो. अठराव्या दिवशी तो हलला. तिसऱ्या महिन्यानंतर पोरीला बाहेरचं रक्त लागलेलं नाही, त्याला आता सव्वा वर्ष होईल. डॉक्टर म्हणतात, अजून बरीच वर्षं लक्ष ठेवावं लागेल. ठेवू की. केस वाढलेत, वेणी येते. आई माझ्याशी अजून गोड बोलत नाही, आणि तिने बोलावं अशी माझी अपेक्षाही नाही.

पण तो फोन सांगायचा राहिला. औषध सुरू व्हायच्या दिवशी, सकाळी साडेनऊला. दुसऱ्या वेळचं वाचन हातात होतं. मी सगळ्या ओळी पाहिल्या, बोटाने एक एक. दोन तास लागले. सतरा अक्षरं पुढची जागा प्रत्येक ओळीत पाहिली. ताई शेजारी बसली होती, एक शब्द बोलली नाही, घाई कर म्हणाली नाही. मग तिने सही केली. मी फोन लावला.

पहिल्याच घंटीला उचलला गेला. मागे वॉर्डाचे आवाज येत होते, चाकांच्या खाटेची खडखड.

"सत्याऐंशी," मी म्हटलं.

मग आईचा आवाज. "तुम्ही स्वतः पाहिलंत?"

"प्रत्येक ओळ."

"सगळ्या माझ्या पोरीच्याच आहेत?"

"सगळ्या तिच्याच आहेत."

ती थांबली. जवळच पोरगी काहीतरी विचारत होती. मग आई म्हणाली, "बरं. मग नेते मी तिला आत."